मागं वळून पाहिलं की गळा दुखायचा : चौदा महिन्यांनी सापडलेलं हाड

कापूसकोंडा | ६ मे, रात्री ९:४०

कॅन्सर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, चाळिशीतला माणूस गळा दुखते म्हणाला की समोरचा आधी त्याच्या खिशाकडे पाहते, खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी फुगलेली आहे का म्हणून. माझ्या खिशात ती सतरा वर्षं होती. त्यामुळे मीही मनात दुसरं काही धरलं नव्हतं, आणि भीतीपायी पहिले पाच महिने कोणाला बोललोच नाही. खर्रा मात्र त्या भीतीनं सुटला. लपवल्याबद्दल मायनं आणि बायकोनं पुरेसं ऐकवलं आहे, तुम्ही राहू द्या.

दुखणं असं होतं. उजवीकडे, गळ्यात आत, टॉन्सिल असतात तिथली एकच जागा. थुंकी गिळली की टोचायचं. मासोळीचा काटा अडकला की कसं होते, तसंच. फक्त हा काटा निघतच नव्हता. उजव्या कानात ठणका. जांभई आली की कळ. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ट्रॅक्टर. रोटाव्हेटर चालवताना सारखं खांद्यावरून मागं पाहावं लागते, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, तर पाहावंच लागते. मान उजवीकडे वळली की आत सुई खुपसल्यासारखं व्हायचं. डावीकडून पाहिलं तर काहीच नाही. मग मी काय केलं? डावीकडून पाहायला लागलो. अख्खा खरीप तसा काढला आणि एकाही डॉक्टरला हे सांगितलं नाही. गळ्याच्या डॉक्टरला ट्रॅक्टरचं काय सांगायचं, असं वाटायचं.

तालुक्याच्या एका डॉक्टरनं अँटिबायोटिकचे चार कोर्स दिले. दुसऱ्यानं ॲसिडिटी धरली, दोन महिने सकाळी उपाशीपोटी गोळी. शेजारच्या गावातल्या एका बुढीनं पडजीभ उतरली म्हणून मीठ लावलेल्या अंगठ्यानं ती वर ढकलली, त्या दिवशी तर डोळ्यापुढं काजवे चमकले. मग दुर्बिणीनं तपासणी झाली. गाठ नाही, व्रण नाही, स्वरयंत्र साफ. मी सुटलो म्हटलं, पण दुखणं काही सुटलं नाही. शेवटी एकानं झोपेची गोळी लिहून दिली आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ टेन्शन लय घेतात." कापसाचा भाव पाहता ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

सापडलं ते दाताच्या दवाखान्यात, दिवाळीच्या सुमारास. अक्कलदाढ किडली होती म्हणून गेलो. चेहऱ्याभोवती मशीन फिरते आणि पूर्ण जबडा एका फोटोत येते, तो ओपीजी काढला. ४०० रुपये. दाताच्या मॅडम वयानं माझ्या पुतणीएवढ्या. स्क्रीनवर दाढ पाहता पाहता त्या कोपऱ्यात पाहू लागल्या. म्हणे, "भाऊ, टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय का कधी?" झालं होतं, एकोणिसाव्या वर्षी. "मान वळवली की गळ्यात दुखते का?"

मी त्या आडव्या खुर्चीवर उठून बसलो.

फोटोत दोन्ही कानांच्या खालून एकेक बारीक हाड उतरलेलं होतं, पऱ्हाटीच्या काडीसारखं. उजवं जास्तच लांब. "याला स्टायलॉइड म्हणतात. हे एवढं लांब नसते. ईगल सिंड्रोम असू शकते, हा फोटो घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा." चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

पुढचं उद्या लिहितो. मोबाइलवर टाइप करून राहिलो, अंगठा भरून आला.

वऱ्हाडी_ठेचा | ६ मे, रात्री १०:१५

हाड वाढते म्हन्जे नखावानी वाढते का भाऊ? अन् ईगल म्हन्जे गरुड ना? त्याची चोच गयात टोचते म्हनून नाव देलं का काय!

माह्या बुढ्याचा गया तीन महिन्यापासून दुखून रायला. डाव्या बाजूनं. कानात बी सनक मारते म्हनते. त्याले बी हेच असन, वाचून तं तसंच वाटून रायलं.

बटवा | ६ मे, रात्री १०:३२

ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्या आणि हळद-मिठाच्या गुळण्या. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चालतं, हाडबिड कोणाचं वाढलं नाही.

घसाडॉक्टर | ७ मे, सकाळी ७:०५

ठेचाभाऊ, आधी तुमच्या वडिलांचं. या धाग्यावरून काही ठरवू नका. वय किती? तंबाखू, खर्रा, बिडी? घशातला कॅन्सरही एका बाजूला दुखू शकतो आणि त्याचीही सणक कानात जाते, कारण घशाच्या आणि कानाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा सामाईक आहेत. ईगल सिंड्रोम दुर्मीळ आहे, तोंडा-घशाचा कॅन्सर आपल्या भागात दुर्मीळ नाही. तीन महिने म्हणजे फार झाले. या आठवड्यात जिभेच्या मुळापर्यंत कोणीतरी नीट पाहिलं पाहिजे. कापूसकोंडाभाऊंची दुर्बिणीची तपासणी आधी झाली होती आणि ती साफ होती, म्हणून पुढचा शोध घेता आला. हा क्रम उलटा करू नका.

आता गरुडाचं. वॉट वीम्स ईगल हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी १९३७ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत असे २०० हून अधिक रुग्ण नोंदवले. हे हाड लांब असू शकतं हे मात्र त्याआधीच माहीत होतं, इटलीतल्या पिएत्रो मार्केत्तींनी १६५२ मध्येच ते लिहून ठेवलं आहे.

स्टायलॉइड प्रत्येकाला असतं, दोन. कानाखालून निघून पुढे आणि खाली येतं. साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. त्याच्या टोकापासून गळ्यातल्या हायॉइड हाडापर्यंत एक दोरीसारखा अस्थिबंध असतो. काहींमध्ये तो अस्थिबंधच कडक होऊन त्याचं हाड बनत जातं. त्यामुळे ठेचाभाऊ, नखासारखं नाही. दोरीचा दोरखंड आणि दोरखंडाची काठी व्हावी तसं. आसपास जागा अगदी चिंचोळी आहे. टॉन्सिलच्या खाचेमागे नववी मस्तिष्क नस (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी एक), आणि हाडाच्या दोन बाजूंना मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या. गिळताना, जांभई देताना, मान वळवताना हाडाचं टोक तिथे घासतं. टॉन्सिल काढल्यावर त्या खाचेत जो व्रण भरतो, त्यात नस ओढली जाते असं ईगल यांचं म्हणणं होतं. पण टॉन्सिल न काढलेल्यांनाही हे होतं. दुसऱ्या प्रकारात टोक रक्तवाहिनीवर दाबतं, तिथे मानेत, चेहऱ्यात, डोळ्याभोवती दुखतं, क्वचित मान वळवल्यावर चक्करही येते.

अक्कलदाढ | ७ मे, दुपारी १:२०

मी दंतवैद्य आहे (धाग्यातली ती मॅडम मी नव्हे!). थोडं थंड पाणी ओतते. लांब स्टायलॉइड आम्हाला ओपीजीत नेहमी दिसतं. साधारण १०० पैकी ४ माणसांत ते लांब असतं असं धरलं जातं, आणि त्यातल्याही फार थोड्यांना त्रास होतो. बाकीच्यांना ते आहे हे आयुष्यभर कळत नाही, कळायची गरजही नसते. म्हणून हा धागा वाचून ओपीजी काढून, पट्टी लावून हाड मोजत बसू नका. त्या फोटोत आकार थोडा मोठाच दिसतो. हाड दिसणं आणि त्याच जागी, त्याच हालचालीनं दुखणं, दोन्ही जुळलं तरच अर्थ. त्या मॅडमनी फोटो पाहिल्यावर लगेच निदान सांगितलं नाही, आधी मान वळवायचं विचारलं, ते मला आवडलं.

कापूसकोंडा | ७ मे, रात्री ९:१०

बटवाताई, ज्येष्ठमध मी किलोभर चघळला असेल. दात गोड झाले, बाकी काही नाही.

पुढचं. वर्धेकडच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. कोणतं ते नका विचारू, सेवाग्रामला आणि सावंगीला दोन्हीकडे घशाची ओपीडी आहे, ज्याला जे जवळ ते त्यानं पाहावं. सकाळी साडेसहाची एसटी, नऊला नंबर लावला, साडेबाराला आत. डॉक्टरांनी आधी तेच सगळं पुन्हा पाहिलं, दुर्बीण, मानेतल्या गाठी. मग मोजा घालून बोट उजव्या टॉन्सिलच्या खाचेत नेलं आणि दाबलं. मी त्यांचा हात धरला, एवढंच आठवते. "इथेच का?" इथेच. बोटाला कडक टोक लागत होतं म्हणाले. साध्या माणसात तिथे हाड लागत नाही.

मग त्याच जागी लिग्नोकेनचं छोटं इंजेक्शन. ही उपचाराची सुई नव्हती, तपासणीची होती. त्या जागेची नस बधिर केल्यावर दुखणं थांबलं तर चोर तिथलाच, असा हिशोब. दहा मिनिटांनी म्हणाले पाणी प्या. बायकोनं बाटली दिली. प्यालो. परत प्यालो. मान उजवीकडे वळवली, दारात उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं, परत वळवली. काहीच नाही. बायको म्हणे रडता काय, लोक पाहून राहिले. तासाभरानं दुखणं परत आलं, पण त्या तासाभरात कँटीनमध्ये दोन समोसे खाल्ले.

नंतर सीटी स्कॅन. त्यात हाडाचं गोल फिरवून पाहता येणारं चित्र निघते. उजवं ४.३ सेंटिमीटर, डावं ३.४. म्हणजे डावंही लांबच, पण डावीकडे कधीच दुखलं नाही. अक्कलदाढताई म्हणतात ते खरं आहे.

मूळचा_अकोल्याचा | ७ मे, रात्री ९:४८

भारी लिहिलंय. लगेच ऑपरेशन केलं का? मी पुण्यात असतो, इथे एका सहकाऱ्याला असंच काही निघालं होतं, त्याला नसांच्या गोळ्यांवर ठेवलं आहे.

कापूसकोंडा | ७ मे, रात्री १०:२५

नाही, लगेच नाही. डॉक्टरच म्हणाले आधी औषध. कार्बामाझेपिन सुरू केलं, अगदी कमी डोसपासून. ही फिटवर देतात ती गोळी, पण नसेच्या कळांवरही चालते. अंगावर पुरळ आली तर त्याच दिवशी बंद करून या, असं चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं होतं. रक्तातलं सोडियम दोनदा तपासलं. कळा निम्म्यावर आल्या हे खरं. पण झोप अशी यायची की ट्रॅक्टरवर बसायची हिंमत नव्हती. रब्बीत हरभऱ्याची सगळी कामं भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. तीन महिने काढले, मग मीच म्हणालो, काढून टाका.

ऑपरेशन होळीच्या आठ दिवस आधी झालं. दोन रस्ते असतात म्हणाले, तोंडातून किंवा मानेवर चिरा देऊन. माझं टोक बोटाला लागत होतं म्हणून तोंडातून. पूर्ण भूल. डोळे उघडले तेव्हा गळा आधीपेक्षा दहापट दुखत होता आणि मला वाटलं फसलो. पण ते दुखणं वेगळं होतं. जखमेचं होतं, दर दिवशी कमी होणारं. चार दिवस तिथे, पंधरा दिवस मऊ भात, वरण, थंड दूध. तिसऱ्या आठवड्यात भाकर, दुधात कुस्करून.

काढलेला तुकडा दाखवला होता. दोन सेंटिमीटरच्या आसपास, निमुळता, टोकाला जरासा वाकडा. एवढ्याशानं एवढे महिने नाचवलं. मायनं विचारलं, घरी देतील का? तिला तो नदीत सोडायचा होता. तपासणीला जाते म्हटल्यावर नाराज झाली.

वैनगंगाकाठची | ८ मे, सकाळी ११:३०

सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असं नाही म्हणून लिहिते. मी भंडाऱ्याकडची, मला हेच आहे, सहा वर्षं झाली. माझं टॉन्सिलचं ऑपरेशन कधीच झालेलं नाही. रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून मान आखडते तेव्हा जास्त. आधी मानेच्या मणक्याचा त्रास समजून पट्टा लावला होता दोन महिने.

मला सीटी पाहून सांगितलं की टोक रक्तवाहिनीच्या फार जवळ आहे, करायचंच तर मानेवरून करावं लागेल, म्हणजे समोर नीट दिसतं. पण त्यात चेहऱ्याच्या नसेला धक्का लागून ओठाचा कोपरा काही दिवस वाकडा राहू शकतो, आणि व्रण राहतो तो वेगळाच. तोंडातून केलं तर व्रण दिसत नाही, पण जागा अरुंद, रक्तस्राव झाला तर आवरायला कठीण, जंतुसंसर्ग आत मानेत उतरू शकतो. दोन्हींचं बरं-वाईट समजावून सांगितलं त्या डॉक्टरांनी, घाई केली नाही. मी नको म्हटलं. गॅबापेंटिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) आहे, आणि वर्षातून एखाद्या वेळी स्टेरॉइडचं इंजेक्शन. चाललंय. ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी पाहू.

एक विनंती. मानेला झटका देऊन "नस मोकळी" करणारे असतात, तसल्यांकडे या दुखण्यात अजिबात जाऊ नका. आत टोकदार हाड आणि शेजारी मेंदूची रक्तवाहिनी, विचार करा.

घसाडॉक्टर | ८ मे, दुपारी ३:१५

वैनगंगाताईंना पूर्ण अनुमोदन. पूर्वी काही ठिकाणी टॉन्सिलच्या खाचेतून बोटानं दाबून ते हाड नुसतं मोडायचे. आता तसं करत नाहीत, तुकडा आतच राहतो आणि नसा-रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. पडजीभ ढकलणाऱ्या आजीबाईंनाही हे कळवा!

आणखी एक, कारण खाली विचारलं जाणारच. अशाच कळा नुसत्या नवव्या नसेच्या दुखण्यातही येतात, हाड नेहमीएवढंच असताना. त्या विजेसारख्या, काही सेकंदांच्या असतात. ईगलमध्ये बहुधा मंद, सततचं आणि हालचालीनं वाढणारं. टॉन्सिलमधले खडे, अक्कलदाढ, जबड्याचा सांधा, हीसुद्धा यादीत आहेत. त्यामुळे डॉक्टरकडे जाल तेव्हा "गळा दुखतो" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बाजूला, काय करताना, कुठे जातं ते सांगा. ट्रॅक्टरचंही सांगा.

ठेचाभाऊ, वडिलांचं काय झालं?

बटवा | ८ मे, संध्याकाळी ६:००

मी माझा शब्द मागे घेते. ज्येष्ठमध साध्या खोकल्यापुरता ठेवते.

मूळचा_अकोल्याचा | ९ मे, सकाळी ८:४०

खर्च किती आला, सांगता येईल का? घरी गावाकडे विचारणारे आहेत.

कापूसकोंडा | ९ मे, रात्री ८:५५

आधीच्या चौदा महिन्यांत जे फुकट गेले ते ऑपरेशनपेक्षा जास्त होते, एवढं सांगतो. एकट्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचा हिशोब बायकोकडे लिहिलेला आहे. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते ते हॉस्पिटलच्या दारातल्या आरोग्यमित्राला विचारा, भरती व्हायच्या आधी. रेशन कार्ड आणि आधार, दोन्हींच्या झेरॉक्स सोबत ठेवा, नाहीतर अर्धा दिवस झेरॉक्सचं दुकान शोधण्यात जाते.

ठेचा, काय झालं बावा? दोन दिवस झाले.

वऱ्हाडी_ठेचा | १३ मे, रात्री ११:२०

डॉक्टरसायेबाईचं आयकलं. परवा तालुक्याले नेलं, तिथून जिल्ह्याले धाडलं. बुढा येत नव्हता, म्या सांगतलं तुमाले बी कापूसकोंडाभाऊसारखं हाड असन, तवा आला. खोटं बोललो.

जिभेच्या मुयाजोड जखम हाय. तुकडा काढून तपासाले पाठवला. डॉक्टर तोंडानं काही बोलले नाई पन आमाले समजलं. मानंत एक गाठ बी हाय म्हनते. नागपूरले तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलले जा म्हने, रिपोर्टची वाट पाहत बसू नका.

बुढ्यानं मले गाडीत इचारलं, हाड हाय का रे? मी काहीच बोललो नाई. तं म्हनते, हाड असतं तं बरं झालं असतं.

घसाडॉक्टर | १४ मे, सकाळी ६:३०

ठेचाभाऊ, नेलंत हे फार चांगलं केलंत. रिपोर्टच्या आधी खचू नका, आणि कॅन्सर निघाला तरी उपचार आहेत. जिल्ह्याला दिलेली सगळी कागदं, तपासणीची चिठ्ठी, तुकड्याचा नमुना क्रमांक, मूळ प्रती सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. खाणं उतरत नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा, वजन पडू देऊ नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रिपोर्ट वाचून समजावून सांगतो.

वैनगंगाकाठची | १४ मे, सकाळी ९:१०

माझी नणंद नागपुरात मानेवाड्याला राहते, हॉस्पिटलच्या जवळच. राहायची सोय होईल. व्यनि केला आहे, नंबर तिथे.

कापूसकोंडा | १४ मे, रात्री ८:०५

ठेचा, मीही येतो. सोमवारी पहाटे इथून निघतो, साडेदहापर्यंत गेटवर. ऊन लय आहे, काकांच्या डोक्याला दुपट्टा बांध आणि त्यांना मागच्या सीटवर बसव, आडवं होता येते. डबा आणू नको, माय देऊन राहिली. पातळ खिचडी आहे, गिळता येईल.